माती धुताना विहीर नासू देऊ नका: महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष आणि मा. सदस्य सचिव,
महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई.

प्रत माहितीसाठी: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांचे मृदविज्ञान विभाग.

विषय: शिशाने दूषित झालेल्या जमिनींवर ईडीटीएसारखी रसायने उघड्यावर ओतून वनस्पतींद्वारे शुद्धीकरण करण्याच्या प्रस्तावांना मंजुरी न देण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्य मंडळाने त्या तपासायच्या, दूषित ठरलेली जागा जाहीर करायची आणि ज्याने ती नासवली त्याच्याकडून शुद्धीकरणाचा खर्च घ्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. तिची फार वर्षं गरज होती. आजवर माती नासली की तक्रार कुठे करायची हेच गावाला कळत नसे. हवेसाठी कायदा होता, पाण्यासाठी होता. मातीसाठी मात्र कागदावर फारसं काही नव्हतं. तेव्हा या नियमांचं मी मनापासून स्वागत करते.

पण नियम आले की त्यांच्यामागोमाग शुद्धीकरणाचे आराखडेही येतात. त्यातला एक प्रकार मला फार काळजीत टाकणारा वाटतो, आणि तो मंडळाच्या टेबलावर येण्याआधीच त्याबद्दल बोलावं म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी आयुष्यभर कृषी महाविद्यालयात मृदरसायन शिकवलं. निवृत्तीनंतरही माती परीक्षणाचे अहवाल घेऊन लोक घरी येतात. अशाच एका गावातल्या मंडळींनी एक आराखडा आणून दाखवला. गावालगत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्याची भट्टी होती. ती बंद पडली, पण शेजारच्या शेतात शिसं राहिलं. आराखड्यात लिहिलं होतं की या जमिनीत मोहरी पेरायची, पीक फुलोऱ्यावर आलं की मातीत ‘पर्यावरणस्नेही चिलेटिंग द्रावण’ सोडायचं, मोहरी शिसं शोषून घेईल, ती उपटून न्यायची, आणि तीन हंगामांत जमीन पुन्हा पेरणीयोग्य होईल. सोबत हिरव्यागार शेताचं चित्र होतं. बांधालगतच्या विहिरीचा, जिच्यावर चार घरं पाणी भरतात, त्या कागदांत कुठेही उल्लेख नव्हता. ते द्रावण म्हणजे ईडीटीए, धातूला पकडून मातीपासून सोडवणारं रसायन.

झाडांनी माती शुद्ध होते, या कल्पनेला माझा विरोध आहे असं कृपया समजू नका. उलट मला ती शेतीच्या विज्ञानातली फार देखणी कल्पना वाटते. १९८३ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातले मृदशास्त्रज्ञ रूफस चेनी यांनी ती नीट मांडली. काही वनस्पती स्वभावतःच धातू साठवतात. त्यांची शेती करायची, पीक कापून न्यायचं, आणि पिकाबरोबर धातूही न्यायचा. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक झाड आहे, त्याचा चीक निळसर-हिरवा असतो आणि वाळवला तर त्यात जवळपास चतुर्थांश निकेल निघतं. मलेशियातल्या साबा प्रांतात निकेलच्या जमिनीवर वाढणाऱ्या एका झुडपाला चेनींचंच नाव दिलं आहे. ते आपल्या आवळ्याच्या आणि भुईआवळ्याच्या वंशातलं आहे. फ्लोरिडात लाकडावर प्रक्रिया करणाऱ्या एका जुन्या कारखान्याच्या आर्सेनिकने माखलेल्या जागेवर एक नेचा मजेत वाढताना दिसला. पुढे आर्सेनिक मिसळलेल्या मातीत तो वाढवून पानं तपासली तेव्हा वाळलेल्या पानात दोन टक्क्यांहून अधिक आर्सेनिक मिळालं. २००१ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. तोच नेचा आपल्याकडेही ओलसर भिंतींच्या सांध्यांत उगवतो.

जपानचं उदाहरण तर आपल्या कोकणातल्या शेतकऱ्याला लगेच समजेल. तिथे खाणींच्या सांडपाण्यामुळे भातखाचरांमध्ये कॅडमियम हा विषारी धातू साचला होता. भातखाचरात पाणी उभं असतं तोवर कॅडमियम गंधकाशी बांधलेलं राहतं, झाडाला फारसं मिळत नाही. पाणी काढून खाचर कोरडं केलं की ते सुटं होतं. संशोधकांनी कॅडमियम भरपूर ओढणारं भाताचं एक वाण निवडलं, खाचरातलं पाणी काढलं, आणि ते वाण दोन हंगाम घेतलं. मातीतलं कॅडमियम ३८ टक्क्यांनी कमी झालं, आणि नंतर तिथे घेतलेल्या खाण्याच्या भातातही ते बरंच घटलं. मातीत बाहेरचं एक थेंब रसायन घातलं नव्हतं. धातू कोणता, तो मातीत कुठल्या रूपात आहे आणि झाड कोणतं, या तिन्हींचा मेळ बसला म्हणून ते काम झालं.

शिशाच्या बाबतीत असा मेळ बसत नाही. शिसं मातीत पडलं की सेंद्रिय पदार्थाला, लोहाच्या ऑक्साइडला, चिकणमातीच्या कणांना आणि फॉस्फेटला घट्ट चिकटतं. मातीतल्या पाण्यात ते नावालाच उतरतं. जे उतरतं त्यातलंही बहुतेक मुळांतच अडकतं, पानांपर्यंत पोचत नाही. मोहरी असो की सूर्यफूल, साध्या मातीतून शिसं उचलण्यात कोणतंच मोठं पीक हुशार नाही. म्हणूनच शिशाने नासलेल्या जमिनी शेकडो वर्षं तशाच राहतात.

१९९७ मध्ये दोन संशोधन गटांनी यावर उपाय सापडल्याचं जाहीर केलं. ईडीटीए हे रसायन शिशाला चोहोबाजूंनी पकडतं आणि मातीच्या कणांपासून सोडवून पाण्यात आणतं. कुंडीतल्या दूषित मातीत ईडीटीए घातल्यावर मका आणि वाटाण्याच्या पानांत शिशाचं प्रमाण एक टक्क्याच्या वर गेलं; भारतीय मोहरीत ते दीड टक्क्यापर्यंत चढलं. आपली मोहरी या शोधामुळे जगभर गाजली. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन शहरात एका जुन्या बॅटरी कारखान्याच्या जागेवर मोहरी आणि सूर्यफूल लावून प्रत्यक्ष चाचण्याही झाल्या. मी स्वतः त्या काळात वर्गात हे मोठ्या कौतुकाने शिकवत असे, आणि ते कौतुक अनाठायी नव्हतं, कारण मूळ शोध खराच होता.

मात्र हे घडतं कसं तेही पाहायला हवं. झाडाच्या मुळात आत येणारं पाणी तपासणारा एक थर असतो. एवढा मोठा ईडीटीए-शिशाचा रेणू तो थर सहजी आत येऊ देत नाही. ईडीटीएची मात्रा इतकी वाढवावी लागते की मुळांच्या पेशींची आवरणंच बिघडतात. मग ते संयुग पाण्याच्या ओढीबरोबर फुटलेल्या बांधातून शिरावं तसं वर चढतं. म्हणून हे रसायन पीक पूर्ण वाढल्यावर, कापणीच्या आठवडा-दोन आठवडे आधीच देतात. दिल्यानंतर पीक कोमेजायला लागतं. मोहरी शिसं पचवत नसते, ती मरणाच्या वाटेवर ते ओढून घेत असते.

आता एका एकराचा हिशेब मांडते. मंडळातल्या कोणत्याही अभियंत्याने तो कागदावर करून पाहावा.

एका एकरातल्या वरच्या वीतभर थराचं वजन साधारण १० लाख किलो भरतं. त्यात किलोमागे १,००० मिलिग्रॅम शिसं आहे आणि ते ४०० वर आणायचं आहे असं धरू. (अमेरिकेत वस्तीतल्या मातीसाठी ४०० हा जुना आकडा होता, २०२४ मध्ये तो २०० केला गेला.) म्हणजे एकरातून ६०० किलो शिसं बाहेर काढायचं आहे. मोहरीचं एकरी वाळलेलं वजन दोन हजार किलो धरलं आणि त्यात ०.१ टक्का शिसं आलं, तर एका पिकात दोन किलो शिसं निघेल. तीनशे पिकं लागतील. ईडीटीए घालून कुंडीतला एक टक्का शेतातही जसाच्या तसा मिळाला असं मानलं, जे उघड्या शेतात क्वचितच घडतं, तरी एका पिकात वीस किलो निघेल आणि तीस पिकं घ्यावी लागतील. वर्षाला एक रब्बी पीक म्हटलं तर तीस वर्षं. आराखड्यात तीन हंगाम लिहिले होते.

दुसरी बाजू याहून जास्त गंभीर आहे. या प्रयोगांत ईडीटीएची मात्रा किलोभर मातीला पाच मिलिमोल (म्हणजे सुमारे १.८५ ग्रॅम) किंवा त्याहून जास्त असते. एकराला ते जवळपास १,८५० किलो ईडीटीए झालं. इतकं ईडीटीए एक हजार किलोहून जास्त शिसं धरून ठेवू शकतं. त्यातलं बरंचसं कॅल्शियमला आणि लोहाला धरेल हे खरं, पण उरलेलं शेकडो किलो शिसं सुटं करू शकतं, आणि त्यातलं मोहरी नेते जास्तीत जास्त वीस किलो. बाकीचं शिसं मातीच्या पाण्यात विरघळलेल्या रूपात खालीच राहतं. कालपर्यंत ते कणाला चिकटून जागच्या जागी होतं. आता पाणी जाईल तिकडे ते जाईल.

स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना विद्यापीठात हे मोजलं गेलं आहे. २००१ मध्ये तिथल्या संशोधकांनी दूषित मातीच्या स्तंभांमध्ये चायनीज कोबी वाढवला आणि एकदाच, किलोमागे दहा मिलिमोल, ईडीटीए दिलं. कोबीच्या पानांतलं शिसं शंभर पटींहून जास्त वाढलं. शोधनिबंधाचा हाच आकडा जाहिरातींत जातो. त्याच निबंधात पुढे लिहिलं आहे की मातीतल्या एकूण शिशापैकी जवळपास ३८ टक्के आणि कॅडमियमपैकी ५६ टक्के पाण्याबरोबर खाली निघून गेलं. जाहिरातींत तो भाग येत नाही.

पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. एक किलो शिसं दहा कोटी लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेतं. वीस फूट व्यासाच्या विहिरीत वीस फूट पाणी असेल तर ते पावणेदोन लाख लिटरच्या आसपास भरतं. त्या विहिरीला दोन ग्रॅम शिसं पुरे. आणि आपण शेतात किलोंच्या हिशेबाने शिसं सुटं करायला निघालो आहोत.

हे सगळं जगात कुठेही खरं आहे. आपल्याकडे मात्र ते आणखी बिकट होतं, आणि इथे मला मंडळाचं खास लक्ष हवं आहे. राज्याचा चार-पंचमांश भाग दख्खनच्या बेसॉल्टवर वसलेला आहे. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याखाली फुटका खडक, आणि त्या फटींमध्ये आपलं भूजल. गावची विहीर म्हणजे या मुरमात आणि फुटक्या खडकात उतरलेला खड्डा. पाणी वरून लवकर येतं, म्हणूनच पहिल्या चांगल्या पावसानंतर विहिरींची पातळी चढते. जे वरून येतं ते लवकर पोचतं.

काळी माती तशी चिकट, पाणी धरून ठेवणारी. ओली असताना तिच्यातून पाणी फार हळू झिरपतं, आणि या एका गुणावर विसंबून ‘काळ्या मातीत काही खाली जात नाही’ असं म्हणणारे मला भेटले आहेत. पण एप्रिल-मे महिन्यात हीच माती फाटते. हात जाईल इतक्या रुंद भेगा पडतात आणि त्या कंबरेइतक्या खोल जातात. मृगाचा पहिला पाऊस मातीच्या अंगात मुरत नाही, तो भेगांतून थेट खाली उतरतो. आता रब्बीच्या मोहरीचं वेळापत्रक डोळ्यांसमोर आणा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, जानेवारी-फेब्रुवारीत ईडीटीए, मग कापणी. ईडीटीए मातीत लवकर कुजत नाही. धातूंशी बांधलेलं ईडीटीए मातीच्या पाण्यात अनेक महिने टिकलेलं आढळलं आहे. उन्हाळाभर ते कोरड्या मातीत बसून राहील, माती फाटेल, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडेल.

शिवाय आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीयुक्त आहेत, सामू (पीएच) आठच्या वर. अशा मातीत ईडीटीएचा मोठा वाटा कॅल्शियमलाच पकडण्यात खर्च होतो. मग आराखडा करणारा मात्रा वाढवायला सांगतो, म्हणजे एकरी खर्चही वाढतो आणि खाली जाऊ शकणारं रसायनही. काहीजण गंधक घालून सामू खाली आणायचं सुचवतात. चुनखडी असलेल्या मातीत ते जवळपास अशक्य आहे. आपल्या संत्र्याच्या आणि द्राक्षाच्या बागायतदारांना हे अनुभवाने माहीत आहे.

बागायतदारांचा विषय निघालाच आहे तर त्यांच्याकडून येणारा एक प्रश्नही घेते. ते म्हणतात, ‘ताई, आम्ही तर दरवर्षी चिलेटेड झिंक आणि चिलेटेड फेरस मारतो. त्यात ईडीटीएच असतं. मग त्याला कुणी का अडवत नाही?’ प्रश्न रास्त आहे. खत नियंत्रण आदेशातलं चिलेटेड झिंक म्हणजे १२ टक्के जस्त असलेलं ईडीटीएचं संयुगच आहे, आणि आमच्या प्रयोगशाळांत सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायला वापरतात ते डीटीपीएही त्याच घराण्यातलं. पण एकरात फवारणीतून जातं ते काहीशे ग्रॅम, झाडाच्या पानावर, आणि त्याने झाडाला हवा तोच धातू आधीच धरलेला असतो. शुद्धीकरणात जातं ते पावणेदोन टनांहून जास्त, थेट मातीत, रिकाम्या हातांनी. एकाच नावाच्या दोन वस्तू म्हणून त्यांना एकाच तराजूत घालता येत नाही.

ईडीटीएच्या जागी लवकर कुजणारी संयुगं वापरा, असंही सुचवलं जातं. ईडीडीएस हे त्यातलं सगळ्यांत जास्त अभ्यासलेलं. ते मातीत काही दिवसांतच मोडतं, ही खरोखर चांगली गोष्ट आहे. पण शिसं सोडवण्यात ते ईडीटीएइतकं जोरकस नाही, आणि त्या काही दिवसांत पाऊस पडला किंवा कालव्याचं पाणी फिरलं तर धातू तोवर खाली गेलेला असतो. सायट्रिक आम्ल युरेनियमच्या बाबतीत उपयोगी ठरलं आहे. शिशाला ते हात लावत नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा ‘जैवविघटनशील’ असा शब्द आराखड्यात दिसला म्हणून मंडळाने निश्चिंत होऊ नये.

ईडीटीएला मी वैरी मानत नाही, हेही सांगते. ज्या ल्युब्लियानात खाली झिरपणारं शिसं मोजलं गेलं, तिथल्याच संशोधकांनी पुढे वेगळा मार्ग धरला. त्यांनी दूषित माती उचलून बंद यंत्रात नेली, तिथे ती ईडीटीएने धुतली, धुतलेल्या पाण्यातून शिसं वेगळं काढलं, ईडीटीए परत मिळवून पुन्हा वापरलं, आणि माती बागेसाठी परत केली. स्लोव्हेनियाच्या मेझा खोऱ्यात, जिथे शतकानुशतकं शिशाची खाण चालली, प्रेव्हालये या गावी असा प्रकल्प उभा राहिला. रसायन तेच, पण त्याला पळून जायला जागा नाही. महाराष्ट्रात कुणाला ईडीटीए वापरायचंच असेल तर ते असं वापरावं. रूफस चेनी, ज्यांनी ही सगळी कल्पना पहिल्यांदा मांडली, तेही पुढे उघड्या शेतात ईडीटीए ओतण्याच्या विरोधात ठामपणे लिहीत राहिले.

मग बॅटरीच्या भट्टीशेजारच्या त्या शेतकऱ्याने करायचं काय? इथे मला सगळ्यांत जास्त सांगायचं आहे, कारण आराखड्यांत याला दुय्यम स्थान मिळतं. शिसं काढण्याऐवजी ते आहे तिथेच घट्ट बांधून ठेवायचं आणि वर हिरवं आच्छादन द्यायचं. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार भारतात २७ कोटींहून अधिक मुलांच्या रक्तात शिसं डेसिलिटरला पाच मायक्रोग्रॅमच्या वर आहे. मुलांच्या पोटात मातीतलं शिसं पिकातून जातं त्याहून जास्त धुळीतून आणि मातीने माखलेल्या हातांतून जातं. अंगणात, बांधावर, शाळेच्या वाटेवर उडणारी धूळ थांबली की धोक्याचा मोठा भाग थांबतो. त्यासाठी तीस वर्षं थांबावं लागत नाही, एक पावसाळा पुरतो.

फॉस्फेट आणि शिसं एकत्र आले की कालांतराने पायरोमॉर्फाइट नावाचं खनिज बनतं. ते इतकं कमी विरघळतं की पोटात गेलं तरी त्यातलं शिसं शरीराला कमी मिळतं. अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या जॉप्लिन या खाणगावात यावर दीर्घ प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे सिंगल सुपर फॉस्फेट तालुक्याच्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळतं. मात्र इथेही डोळे झाकून टाकायचं नाही. जुन्या बॅटऱ्यांच्या जाळ्यांत शिशाबरोबर अँटिमनी आणि थोडं आर्सेनिकही असायचं, आणि फॉस्फेट आर्सेनिकला मातीच्या कणावरून ढकलून सुटं करतं. म्हणून आधी आर्सेनिकची तपासणी, मग फॉस्फेट. आर्सेनिक निघालं तर भरपूर कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, गरज पडल्यास वरून स्वच्छ मातीचा थर, आणि त्यावर गवत. क्रोमियमचं दूषण असेल तर हिशेब पुन्हा निराळा. तिथे सेंद्रिय पदार्थ विषारी क्रोमियमला कमी घातक रूपात आणतो. एकच नुस्खा सगळ्या जागांना लावणारा आराखडा त्याच कारणाने परत पाठवावा.

गवतांमध्ये मला वाळा सगळ्यांत जवळचा वाटतो. त्याची मुळं माणसाच्या उंचीहून खोल जातात, तो पाण्याचा ताणही सोसतो आणि पाणी साचलेलंही, आणि थायलंड, चीन, दक्षिण आफ्रिकेत खाणींच्या राडारोड्यावर तो लावला गेला आहे. धातू तो बहुतांशी मुळांतच ठेवतो, पानात फारसा चढू देत नाही, म्हणून चुकून जनावराने तोंड लावलं तरी धोका तुलनेने कमी. पण याच गुणात एक मोठी जोखीम आहे, आणि ती परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. आपल्याकडे वाळ्याची मुळंच विकली जातात. उन्हाळ्यात ती माठात टाकतात, त्यांचे पडदे करून खिडकीला लावतात, अत्तरासाठी गाळतात. दूषित जागेवरचा वाळा कुणी उपटून बाजारात नेला तर ते शिसं थेट कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात जाईल. म्हणून अशा जागेवर वाळा लावायचा तर तो कधीही उपटायचा नाही, ही अट सातबाऱ्यावर नोंदली गेली पाहिजे, आणि गावात दवंडी देऊन सांगितली गेली पाहिजे.

हीच गोष्ट मोहरी आणि सूर्यफुलाची. शुद्धीकरणासाठी घेतलेलं पीक दिसायला इतर पिकांसारखंच असतं. दाणे भरले की ते कुणी तरी झोडून नेणार, तेल काढणार, पेंड गोठ्यात जाणार. फुलोऱ्यावरची मोहरी गुरांना घालायचा मोह आवरणं अवघड. असं पीक जाळायचं म्हटलं तर शिसं आणि कॅडमियम धुराबरोबर उडतं आणि शेजारच्या रानात बसतं. कापलेला प्रत्येक भारा हा घातक कचरा आहे, आणि त्याची जागा तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात आहे. तिथपर्यंतच्या वाहतुकीचा आणि शुल्काचा खर्च आराखड्यात मांडलेला नसेल, तर तो भारा कुठे जाणार आहे हे मांडणाऱ्यालाही माहीत नाही असं समजावं.

मंडळाकडे माझी विनंती आता स्पष्ट मांडते. उघड्या शेतात मातीत ईडीटीए, डीटीपीए, एनटीए किंवा तत्सम रसायन सोडण्याचा कोणताही प्रस्ताव, खाली अभेद्य अस्तर आणि झिरपलेलं पाणी गोळा करण्याची सोय नसेल तर मंजूर करू नये. हे एका लेखी परिपत्रकाने सांगावं, म्हणजे जिल्हा कार्यालयांना प्रत्येक वेळी नव्याने विचारावं लागणार नाही. ज्या आराखड्यात वरच्या थरातला शिशाचा आकडा घटल्याचं दाखवलं असेल, त्याच्याकडून पूर्ण ताळेबंद मागावा: एकूण किती शिसं होतं, पिकातून किलोने किती गेलं, आणि मीटरभर खालच्या थरात आधी किती होतं, आता किती आहे. ताळेबंद जुळला नाही तर घटलेलं शिसं विहिरीच्या वाटेला लागलं आहे असं धरून चालावं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी आराखडा मांडणाऱ्यावर ठेवावी.

कृषी विद्यापीठांना माझं सांगणं वेगळं आहे. तुमच्याकडे मातीतून खाली झिरपणारं पाणी मोजणारे लायसीमीटर आहेत, काळ्या मातीचा तुमचा अभ्यास जगात कुणापेक्षा कमी नाही, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना दरवर्षी विषय हवे असतात. कुंडीतल्या मोहरीत ईडीटीएने शिसं वाढतं हे दाखवणारे प्रबंध आता पुरे झाले. भेगाळलेल्या काळ्या मातीत पहिल्या पावसाबरोबर किती धातू खाली उतरतो, स्फुरद आणि शेणखताने तो किती थांबतो, आपल्या वाळ्याच्या मुळांत तो किती साठतो, हे मोजा. चांगला आकडा असो की वाईट, तो मराठीत, शेतकऱ्याला वाचता येईल असा प्रसिद्ध करा.

आणि त्या गावासाठी एक तातडीची मागणी आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला सोबत घेऊन बंद पडलेल्या शिशाच्या भट्ट्यांलगतच्या विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी एकदा आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर एकदा तपासावं, आणि अहवाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावा. जिथे आकडा मर्यादेच्या वर निघेल तिथे दुसऱ्या पाण्याची सोय त्याच आठवड्यात व्हावी. शुद्धीकरणाचा आराखडा त्यानंतर करायला वेळ आहे. तो करताना त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांना बैठकीला बोलवावं. पाण्याची चव कधी बदलली आणि कुठल्या बाजूने पाझर येतो हे त्यांच्याइतकं कुणालाही माहीत नसतं.

या पत्रातला प्रत्येक हिशेब मंडळाच्या तज्ज्ञांसमोर बसून मांडायला मी तयार आहे. बोलावलंत तर स्वखर्चाने येईन.

आपली नम्र,
मृदरसायनाची एक निवृत्त शिक्षिका